गाडीच्या शेडला अर्थिंग करताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडं घरामागं पत्र्याचं शेड मारायचं, घरातनं टू-कोर वायर ओढायची, एक बल्ब एक प्लग, झालं काम. आता त्याच प्लगला इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर आणि गाडी धुवायचा प्रेशर पंप लागतोय, तेपण ओल्या फरशीवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेडजवळ रॉड ठोकला की अर्थिंग झालं असं समजणं. हिशोब करून बघा की, पंपात फेजची वायर बॉडीला टेकली, रॉडचा रेझिस्टन्स 20 ओहम धरा, ट्रान्सफॉर्मरकडचा 3, मग 230 व्होल्ट भागिले 23 म्हणजे जमिनीत जाणारा करंट 10 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) 10 ला पडतच नाही, पंपाची बॉडी 200 व्होल्टवर तशीच आणि आपला हात तिच्यावर. त्यात जांबोटीकडं जांभा दगड, पावसाळ्यात ठीक असतंय पण एप्रिल-मेला वाळला की रेझिस्टन्स नुसता चढतोय. म्हणून शेडची केबल घरातनं निघते तिथंच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडा करंट जमिनीत गळला तरी लाइन तोडणारा स्विच) लावा, रॉड 100 ओहमचा झाला तरी तो पडतो. शेडपर्यंत थ्री-कोर केबल न्या, तिसरी वायर अर्थची, म्हणजे घराचं अर्थिंग आणि शेडचा रॉड जोडलेले राहतील.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंग ओके? नाही ओ! ते बटण अर्थच्या वायरला हातच लावत नाही, वायर तुटलेली असली तरी तो पडणारच. महिन्यातनं एकदा दाबा जरूर, पण आरसीसीबी जिवंत आहे का एवढंच त्यातनं कळतं.

प्लगमध्ये न्यूट्रल-अर्थ जंपर मारणं, म्हणजे वायरच्या तुकड्यानं दोन्ही जोडणं, हा तर शुद्ध गाढवपणा आहे, कितीही जुना वायरमन सांगू दे. न्यूट्रल मागं कुठं तुटली की चार्जरपासनं पंपापर्यंत सगळ्यांच्या बॉडीत करंट. असल्या जंपरमुळं आरसीसीबी सारखा पडतो आणि मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात. आरसीसीबी सारखा पडत असेल तर आधी जंपर शोधा, नंतर केबलचा जॉइंट उघडून आत पाणी गेलंय का बघा, अर्थात मेन बंद करूनच.

नळाच्या पाईपला अर्थ जोडू नका, पुढं कुठंतरी पीव्हीसी असतोच.

अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून बघायची सवय पण सोडा, त्याला अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी लागतं, सुमार अर्थिंगवरपण तो झकास पेटतो. लायसन्सवाल्या वायरमनला अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) घेऊन यायला सांगा, आणि तेपण मे महिन्यात, जुलैत मोजलेला आकडा फसवा असतोय.