रॅम मोकळी असूनही जीपीजी अडतंय? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात मार्चअखेरीला जुना बॅकअप उघडायचा होता. जीपीजी या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या, शेकडो फाइल्स. वेळ वाचावा म्हणून मी एकदम सोळा फाइल्स उघडायला लावल्या, आणि 'कॅनॉट अलोकेट मेमरी'च्या ओळींनी स्क्रीन भरली. मशीनची निम्मी रॅम मोकळी होती.

मी रॅम वाढवली. हीच पहिली चूक, आणि ती फार जण करतात. इथे संपते ती साधी रॅम नव्हे. किल्ली आणि पासफ्रेज (पासवर्ड) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, उतरू नयेत म्हणून जीपीजी मेमरीचा एक लहानसा कोपरा कुलूपबंद ठेवतं. तो असतो अवघा 32 किंवा 64 केबी. गुप्त किल्लीचं सगळं काम जीपीजी-एजंट हा मागे चालणारा एकटा प्रोग्रॅम करतो, त्यामुळे सोळा मागण्या एकदम आल्या की कोपरा भरतो. फाइल किती मोठी आहे याचा इथे संबंध नाही. जीपीजी ती तुकड्यातुकड्यानेच वाचतं.

आधी एका वेळच्या फाइल्स कमी करा. माझं काम चारावर निभावलं. तेवढ्याने भागत नसेल तर एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ऑटो-एक्स्पांड-सेकमेम' (तो कोपरा गरजेनुसार वाढू देणारा पर्याय) लिहा आणि एजंट बंद करून पुन्हा सुरू करा. जुना एजंट चालूच राहिला तर बदल लागू होत नाही. यात माझा अर्धा तास गेला. मात्र वाढवलेला भाग कुलूपबंद नसतो, म्हणून स्वॅप एन्क्रिप्ट केलेला हवाच.

'युझिंग इनसिक्युअर मेमरी' ही वेगळी तक्रार: मेमरी कुलूपबंद झालीच नाही. 'नो-सेकमेम-वॉर्निंग' लिहून ती गप्प करू नका, धोका तसाच राहतो. 'युलिमिट -एल' या कमांडने मेमरी लॉक करण्याची मर्यादा तपासा. जीपीजीला रूटचा सेटयूआयडी देण्याचा, म्हणजे ते मुख्य अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवण्याचा, जुना सल्ला तर मुळीच नको, लिनक्सच्या 2.6.9 पासून साध्या युजरलाही ठरलेल्या मर्यादेत मेमरी लॉक करता येते.

रॅम खरोखर लागते ती लक्स-2 या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीत. तिथला आर्गॉन-2, म्हणजे पासफ्रेजपासून किल्ली बनवणारी प्रक्रिया, मुद्दाम मेमरी खातो, 1 जीबीपर्यंत. ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर बनवलेली डिस्क महापेच्या डेटा सेंटरमधल्या 512 एमबीच्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) उघडायची असेल, तर मोठ्या मशीनवरच 'पीबीकेडीएफ-मेमरी' (आर्गॉन-2 किती मेमरी घेईल तो आकडा) कमी ठेवून आणखी एक पासफ्रेज जोडा. किंमत एकच: त्या पासफ्रेजवर हल्ला सोपा होतो, म्हणून ती लांबलचक ठेवा.