लाईट जाते तेव्हा आधी पाण्याचं बघा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं. माड, पोफळी आडव्या झाल्याच, त्यांच्याखाली विजेचे खांबही गेले. लाईट यायला आठवडे लागले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि पुन्हा तेच. म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी करताना कुणी विचारलं तर मी हेच सांगते: मेणबत्त्या नंतर आणा, आधी पाण्याची सोय करा. अंधाराची सवय दोन रात्रींत होते, पाण्याची ओढाताण मात्र दर सकाळी नव्याने सुरू होते.

मोटर बंद पडली की वरची टाकी सहसा एक-दोन दिवस पुरते. लाईट गेल्या गेल्या टाकीखालचा कॉक बंद करा आणि ते पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकाला राखून ठेवा. माणशी रोजचं पाच लिटर धरा. संडास, भांडी, कपडे यांना पागोळ्यांचं पाणी चालतं. पहिल्या सरीचं पाणी जाऊ द्या, त्यात कौलांवरची सगळी घाण असते. मग पागोळीखाली पिंप, टप, घमेली, जे असेल ते मांडा.

विहीर असेल तर रहाट आणि दोरी मे महिन्यातच बघून घ्या. मोटर आल्यापासून बऱ्याच घरांत रहाट नुसता लटकतोय, दोरी कुजलेली. नायलॉनची दोरी ओली झाली की हातातून सटकते आणि तळवे सोलते. काथ्याची जाड दोरी घ्या. पोहरा पाण्यावर नुसता तरंगत राहतो. दोरी थोडी सैल सोडून मनगटाला एक झटका दिला की तो कलंडतो आणि भरतो. वर ओढताना हात आळीपाळीने टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा पडून पाणी गढूळ होतं. त्यात तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर तरी उकळू द्या. नुसत्या तुरटीने जंतू मरत नाहीत.

फ्रीज सारखा उघडू नका. बंद राहिला तर चारेक तास गारवा टिकतो. दूध आधी तापवून ठेवा, मासे त्याच दिवशी संपवा. पुढे उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं पिठलं, भाजलेली सुकट, लोणचं. मिक्सर नाही म्हणून अडत नाही, पाटा-वरवंटा धुऊन घ्या. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत करा, म्हणजे दिवाही वाचतो आणि अंधारात भाजण्या-सांडण्याची भीती राहत नाही.

घरात कुणाला इन्सुलिन असेल तर त्याचं मात्र तेव्हाच बघा. माझ्या सासूबाईंचं असतं. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते. आपल्या औषधाचं कागदावर वाचा, औषधवाल्याला विचारा. ओल्या वाळूत बसवलेलं मडकं उन्हाळ्यात छान गार राहतं, पावसाळी दमट हवेत त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखा लावू नका. १५० एएचची चांगली बॅटरी पंख्याने एका दिवसात बसते. तीच ९ वॉटच्या दोन दिव्यांवर, संध्याकाळचे चार तास लावून बाकी वेळ इन्व्हर्टरच बंद ठेवलात, तर आठवडाभर जाते. मोबाईल फ्लाईट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी जास्त जाते, आणि टॉवरचीही बॅटरी संपलेली असते. ठरावीक वेळी चालू करून एसएमएस पाठवा, फोन लागत नसतानाही तो कधीकधी जातो. महत्त्वाचे नंबर वहीत लिहा. दहा-वीसच्या नोटा घरात हव्यातच, कारण मोबाईलवरून पैसे देणंही बंद पडतं.

आता जिवाची गोष्ट. पडलेल्या तारेला, तिला टेकलेल्या फांदीला किंवा तिच्याजवळच्या साचलेल्या पाण्याला हात-पाय लावू नका, गावभर अंधार असला तरी. १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर कळवा आणि पोरांना लांब ठेवा. भाड्याचा जनरेटर ओटीवर किंवा पडवीतसुद्धा चालवू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही, झोपेतच माणसं जातात. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसण्याची काहींना सवय आहे. हात जोडून सांगते, असं करू नका. तो करंट उलटा लाईनवर जातो आणि तेव्हा खांबावर आपल्यासाठी भर पावसात चढलेला वायरमन असतो.

लाईट येते तीही धड नसते. एखादा फेज गायब, कधी व्होल्टेज कमी, कधी एकदम जास्त. म्हणून फ्रीज, टीव्हीचे प्लग काढून ठेवा, मोटरचा स्विच बंद ठेवा, फक्त एक बल्ब चालू राहू द्या. तो न मिणमिणता अर्धा तास नीट जळला की पहिली मोटर लावा आणि टाकी भरून घ्या. फ्रीज त्यानंतर.