हाड आधी हाताला कळू द्या

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एक हाड माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "उजवं की डावं?" क्लॅव्हिकल होतं, म्हणजे गळ्याखाली आडवं हाताला लागतं ते. त्याच्या सगळ्या खुणा मला तोंडपाठ होत्या, पण त्या पुस्तकातल्या चित्रावरच्या. चित्र कायम एकाच बाजूचं, एकाच दिशेनं काढलेलं. मी ते हाड तीनदा फिरवलं आणि अंदाजानं "डावं" म्हणाले. ते उजवं होतं.

म्हणून शरीररचना नव्यानं शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की नावं नंतर. आधी हाड शरीरात जसं असतं तसं धरायला शिका. क्लॅव्हिकलचं चपटं टोक खांद्याकडे, जाड बोथट टोक छातीच्या मधल्या हाडाकडे. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर. मधल्या भागात लांबट खोबण बोटाला लागते, ती बाजू खालची. एवढं जमलं की उजवं-डावं आपोआप ठरतं.

मग फीमर घ्या, मांडीचं हाड, आणि डोळे मिटा. वरचं गोल, गुळगुळीत डोकं आतल्या बाजूला वळलेलं असतं. त्यावरून अंगठा फिरवला की मध्याजवळ एक खळगा लागतो. खुब्याच्या सांध्यातलं एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तिथं चिकटतं. डोक्याखालच्या निमुळत्या मानेच्या मुळाशी बाहेरून मोठा ट्रोकँटर, म्हणजे हाडाचा उंचवटा, आणि आतून, जरा मागच्या अंगाला, छोटा. छोटा कशासाठी? मांडी पोटाकडे उचलणारा इलिओसोआस स्नायू तिथं येऊन ओढतो. हे एकदा कळल्यावर तो उंचवटा मी कधीच विसरले नाही. आता बोट मागच्या बाजूनं खाली सरकवा. खरखरीत कंगोरा लागेल, ती लिनिया अस्पेरा. मांडीचे कितीतरी स्नायू तिला धरून आहेत. गुळगुळीत भाग सांध्याचा, खरखरीत भाग स्नायूचा किंवा लिगामेंटचा, खोबणीतून बहुधा मज्जातंतू, रक्तवाहिनी किंवा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, जाते. प्रौढ माणसाची 206 हाडं याच नजरेनं वाचता येतात.

प्लास्टिकच्या सांगाड्यावर हा खरखरीतपणा बऱ्याचदा पुसट असतो, त्यामुळे खरी हाडं हाताळायला मिळतील तेवढा वेळ तिथंच घालवा. आणि ते हाड एका माणसाचं आहे, हे मनात असू द्या. दोन्ही हातांनी धरा, पेनानं खुणा करू नका, दाखवायला काडी वापरा.

अभ्यासाचा दुसरा सांगाडा आपल्याच अंगात आहे. गळ्याच्या खळग्यातून बोट छातीच्या हाडावरून खाली आणा. साधारण पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागेल, तो स्टर्नल अँगल. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. बरगड्या इथूनच मोजायच्या, कारण पहिली क्लॅव्हिकलच्या आड असते आणि बोटाला सहज सापडत नाही. कमरेवर दोन्ही हात ठेवले की तळव्यांखाली येतो तो इलियाक क्रेस्ट, कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हीकडची सर्वांत उंच टोकं जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवरून जाते. प्रौढांच्या पाठीतून पाणी काढताना सुईची जागा याच रेषेवरून ठरवतात. मज्जारज्जू तिच्या बराच वर संपलेला असतो.

मनगट मात्र रोज तपासा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. अंगठ्याकडचं रेडियसचं टोक आणि करंगळीकडचं अल्नाचं टोक, दोन्हींवर एकेक बोट ठेवा. हात खाली सोडलेला असताना अंगठ्याकडचं टोक साधारण एक सेंटिमीटर जास्त खाली लागतं. पडून आलेल्या माणसाच्या मनगटात ही दोन टोकं एका रेषेत आली, तर रेडियसचं खालचं टोक मोडल्याची शंका एक्स-रे यायच्या आधीच येते. ती शंका यायला निरोगी मनगटातलं अंतर बोटांना आधीच ओळखीचं असावं लागतं.