पॉयझन आयव्हीचं पुरळ: पसरतं काय आणि आवरायचं कसं

पॉयझन आयव्ही ही अमेरिकेतल्या रानात वाढणारी वेल. तिचं तेल अंगाला लागलं की खाजरं पुरळ उठतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात घबराट सुरू होते. परवा फक्त मनगटावर होतं, काल पोटावर आलं, आज मानेवर दिसतंय. मग फोडातलं पाणी दुसरीकडे लागू नये म्हणून पट्ट्या बांधल्या जातात, मुलाचं अंथरूण वेगळं केलं जातं. आणि ज्या बुटांच्या नाड्यांना झाडाचं तेल अजून तसंच चिकटलेलं आहे, ते बूट दारात पडून राहतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या नाड्या पुन्हा बांधतं.

पसरतं ते तेल, पुरळ नव्हे. एवढं पक्कं लक्षात ठेवलं तर काय धुवायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे आपोआप सुटत जातं.

या तेलाचं नाव उरुशिऑल. ते पानात, देठात, खोडात, मुळात, फळात सगळीकडे असतं. हिवाळ्यात पानं गळून नुसती काटकी उरली तरी तिच्यातही असतं. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फार समजावायला नको, कारण पॉयझन आयव्ही ही बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातली. बिब्ब्याचं तेल, काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याच्या सालीतला चीक यांत उरुशिऑलशी नातं सांगणारी द्रव्यं असतात. त्यामुळे बिब्बा उतणाऱ्या किंवा आंब्याच्या चिकाने ओठांभोवती पुरळ उठणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या रानात जास्तच जपावं. आयव्ही आयुष्यात कधी पाहिलेली नसली तरी त्याच्या शरीराची या कुळाशी ओळख आधीच झालेली असू शकते.

ओळखायची कशी

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात, तसंच कॅनडाच्या दक्षिण पट्ट्यात ती भरपूर आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर तिची बहीण पॉयझन ओक भेटते, तर पूर्वेकडच्या दलदलीत पॉयझन सुमॅक. तिघींचं तेल एकाच जातीचं आणि उपायही तेच. रानाच्या कडेला, कुंपणाजवळ, पायवाटेच्या दोन्ही अंगांना, म्हणजे जिथे ऊन आणि सावली मिळतात तिथे आयव्ही जास्त माजते.

‘तीन पानं दिसली की लांब राहा’ हा नियम चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर बिचाऱ्या रासबेरीलाही माणसं घाबरतात. म्हणून थोडं जवळून बघा, हात न लावता. ती ‘तीन पानं’ म्हणजे खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका. त्यांपैकी मधलीचा देठ लांब असतो, बाजूच्या दोघी जवळजवळ देठाविनाच चिकटलेल्या. बाजूच्या पर्णिकेचे दोन भाग सारखे नसतात. बाहेरचा भाग रुंद, आणि पुष्कळदा त्याला एकच खाच असते, त्यामुळे ती अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखी दिसते. पानं फांदीवर एकाआड एक येतात. दोन पानं समोरासमोर असतील तर ते बहुधा बॉक्स एल्डरचं रोप. काटे असतील तर रासबेरी किंवा ब्लॅकबेरी. पाच पर्णिका असतील तर व्हर्जिनिया क्रीपर, पण तिच्या जाळीत आयव्ही मिसळलेली असू शकते.

रंगावर मात्र जाऊ नका. वसंतात पानं तांबूस चकचकीत, उन्हाळ्यात हिरवी, शरदात लाल-केशरी. झाडावर चढलेली जुनी वेल सुंभाच्या केसाळ दोरखंडासारखी दिसते. ते केस म्हणजे तिची मुळं. सरपणाच्या ओंडक्यावर असा केसाळ दोर दिसला तर तो ओंडका शेगडीत घालू नका. का ते पुढे येतंच आहे.

तेल लागल्यावर घड्याळ सुरू होतं

कातडीला लागलेलं उरुशिऑल लगेच आत मुरू लागतं. पहिल्या १० मिनिटांत नीट धुतलं तर साधारण निम्मं निघतं, अर्ध्या तासाने जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून ‘घरी गेल्यावर अंघोळ करू’ म्हणू नका, जवळ पिण्याच्या पाण्याची बाटली असेल तर तीच वापरा. उशीर झाला तरी धुवाच. आत गेलेलं परत येणार नाही, पण वर उरलेलं दुसरीकडे जायचं थांबेल.

धुण्यात बहुतेकांची चूक होते ती अशी: साबणाचा फेस करतात, हात फिरवतात, पाणी ओततात. पण उरुशिऑल पाण्यात विरघळत नाही. सायकलच्या चेनचं काळं वंगण हाताला लागलं तर ते कसं काढता? फडक्याने घासून. फरक इतकाच की हे वंगण डोळ्यांना दिसत नाही. ते काळं आहे असं समजा आणि तसंच काढा:

१. कपडे उतरवताना बाहेरची बाजू आत दुमडत उतरवा. टी-शर्ट चेहऱ्यावरून ओढताना बाहेरची बाजू गालांना घासू देऊ नका.
२. भांडी घासायचं द्रवरूप साबण किंवा कुठलंही तेल काढणारं साबण घ्या. पाणी थंड किंवा कोमट, वाहतं. टबात बसू नका, तिथे तेल तरंगून सगळीकडे लागतं.
३. ओल्या खडबडीत फडक्याने एकाच दिशेने घासा, धुऊन टाका, पुन्हा साबण. असं तीन वेळा. रक्त येईल इतकं घासू नका.
४. नखांखाली ब्रशने. बोटांच्या बेचक्या, घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा, कानामागे.
५. शेवटी ते फडकं कपड्यांबरोबर धुवायला टाका, अंघोळीच्या जागी लटकवू नका.

रबिंग अल्कोहोल तेल विरघळवतं, पण लहानशा पुसणीने पुसलं तर ते तेल फक्त पातळ होऊन जास्त जागेवर फिरतं. वापरायचं तर भरपूर ओता आणि वरून पाण्याने धुवा. शिवाय त्याने कातडीवरचा नैसर्गिक तेलकट थरही जातो, म्हणून त्यानंतर पुन्हा त्याच झुडपात शिरू नका. ब्लीच अंगाला अजिबात लावू नका, त्याने कातडी भाजते आणि तक्रारी दोन होतात.

मग वस्तूंकडे वळा. तेल कोरड्या वस्तूवर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं, आणि गेल्या वर्षीच्या कात्रीच्या मुठीवरून या वर्षी पुरळ उठतं. कपडे वेगळे, गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुवा. अवजारं, बूट, नाड्या, फोनची पाठ, गाडीचं स्टिअरिंग, दाराची मूठ आणि कुत्र्याचा पट्टा साबणपाण्याने किंवा अल्कोहोलने पुसा, तेही हातमोजे घालून. कुत्र्या-मांजरांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण त्यांच्या केसांवर बसलेलं तेल कुरवाळणाऱ्याच्या हाताला लागतं. त्यांना प्राण्यांच्या शाम्पूने अंघोळ घाला.

मग रोज नवीन जागी का उठतं?

शरीराची ही ॲलर्जी सावकाश चालणारी आहे. उरुशिऑल कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, संरक्षक पेशी त्याला परका समजतात आणि हल्ला करतात. आधी कधी संबंध आला असेल तर पुरळ साधारण १२ ते ४८ तासांत उठतं. पहिलीच वेळ असेल तर एक ते तीन आठवडे लागू शकतात, तोवर ती पायवाटही विस्मरणात गेलेली असते.

कातडी जिथे पातळ, म्हणजे मनगटाची आतली बाजू, पापण्या, जांघा, तिथे लवकर उठतं. जिथे जाड, तिथे उशिरा. तळहातावर तर बऱ्याचदा उठतच नाही, पण त्याच तळहाताने ते तेल बाकी अंगावर नेलेलं असतं. शिवाय जिथे तेल जास्त तिथे आधी, कमी तिथे नंतर. त्यामुळे एकाच दुपारी लागलेलं तेल चार-पाच दिवस हप्त्याहप्त्याने उगवत राहतं आणि पसरत असल्याचा भास होतो. पुरळ सरळ रेषेत, ओरखड्यासारखं असेल तर तिथून पान घासत गेलं होतं असं समजा. त्या रेषेवर फोड मण्यांसारखे ओळीने बसतात.

फोडातलं पाणी म्हणजे तुमच्याच शरीरातून पाझरलेली लस, एक पातळ द्रव. तिच्यात उरुशिऑल नसतं. फोड फुटून ती दुसऱ्या हाताला लागली, बाळाला लागली, तरी पुरळ होत नाही. एकदा अंग आणि वस्तू धुऊन झाल्या की त्या माणसाला जवळ घ्यायला काहीच हरकत नाही. खाजवूनही ते पसरत नाही. तरी खाजवू नये, कारण नखांतले जंतू आत जातात आणि फोड पिकतात. आठवड्याभरानंतरही अगदी नवे चट्टे येत असतील तर मात्र धुवायची राहिलेली वस्तू शोधा.

खाज आणि फोड सांभाळताना

पुरळ दोन ते तीन आठवड्यांत आपोआप जातं. तोवर खाज आवाक्यात ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी उपाय सगळ्यात साधा आहे. स्वच्छ सुती फडकं थंड पाण्यात बुडवून, पिळून, पुरळावर १५ ते ३० मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. फोड वाहत असतील तर त्याच पाण्यात ॲल्युमिनियम ॲसिटेटची पूड पाकिटावरच्या मापाने विरघळवा, लस लवकर सुकते. फडकं काढल्यावर कॅलामाइन लावा. अंगभर असेल तर कोमट पाण्यात ओटमीलची बारीक पूड घालून १५-२० मिनिटं बसा. कढत पाण्याने घटकाभर बरं वाटतं, पण नंतर खाज दुपटीने उसळते.

१ टक्का हायड्रोकॉर्टिझोनचं मलम सुरुवातीच्या, फोड न आलेल्या पुरळावर थोडं काम करतं. मोठ्या फोडांपुढे ते फिकं पडतं. डॉक्टर देतात ती तीव्र स्टेरॉइड मलमंही पहिल्या एक-दोन दिवसांतच खरी उपयोगाची असतात, आणि ती चेहऱ्याला किंवा जांघेत आपल्या मनाने लावायची नसतात. ॲलर्जीच्या गोळ्यांकडून फार आशा ठेवू नका. त्या गोळ्या हिस्टामिन या शरीरातल्या द्रव्याला रोखतात, आणि ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते. झोप आणणारी गोळी रात्री झोपेपुरती मदत करते, तीही मुलांना विचारल्याशिवाय देऊ नये. तीच औषधं मलमाच्या रूपात, किंवा बेंझोकेन (बधिर करणारं) आणि निओमायसिन (जंतू मारणारं) यांची मलमं, चिडलेल्या कातडीला लावू नका, कारण त्यांचीच वेगळी ॲलर्जी होऊ शकते. फोड फोडू नका. आपोआप फुटला तर वरची साल तशीच राहू द्या, खालच्या ओल्या कातडीवर तीच सगळ्यात चांगली पट्टी.

पुरळ फार असेल तर डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. सहा दिवसांचं तयार पाकीट घेतलं की तिसऱ्या दिवशी आराम पडतो, आणि पाकीट संपल्यावर दोन-तीन दिवसांत पुरळ पुन्हा भडकतं. शरीराचा हल्ला दोन-तीन आठवडे चालतो, गोळ्या मधेच थांबलेल्या असतात. म्हणून हा कोर्स साधारण दोन ते तीन आठवडे, मात्रा हळूहळू उतरवत द्यावा लागतो. कमी दिवसांचं पाकीट हाती आलं तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा. सुरू केलेला कोर्स बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने सोडू नका.

डोळा सुजून मिटत असेल, तोंडात किंवा गुप्तांगावर उठलं असेल, अंगाचा चौथा हिस्सा व्यापला असेल, फोडांतून पू येत असेल किंवा १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. तेल डोळ्यात गेलं तर आधी साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. श्वास लागत असेल, गिळता येत नसेल, तर थेट ९११, म्हणजे अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा क्रमांक. साध्या शंकेसाठी अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदतक्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

वेल काढायचीच असेल तर

जाळायची नाही. कधीच नाही. धुरातल्या कणांवर तेल बसून जातं आणि नाक, घसा, फुप्फुसं आतून सुजतात. यात माणसं रुग्णालयात पोचतात. गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानेही नाही, ते चिरडलेली पानं पिंडऱ्यांवर उडवतं.

लहान रोपं पावसानंतर माती ओली असताना मुळासकट उपटा. मूळ तुटून राहिलं तर तिथूनच पुन्हा फुटवा येतो. जाड व्हायनिलचे हातमोजे घाला, पातळ लेटेक्समधून तेल आत झिरपतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली. झाडावर चढलेली वेल ओढून काढू नका, अंगावर येईल. बुंध्याशी करवतीने कापा, ताज्या कापावर ट्रायक्लोपिर किंवा ग्लायफोसेट हे तणनाशक लेबलवर लिहिलेल्या मात्रेत लावा आणि वरचा भाग तिथेच वाळू द्या. वाळलेल्या दोरातही तेल असतंच, त्यामुळे नंतरही त्याला उघड्या हाताने धरू नका. उपटलेलं सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ते खतात टाकायचं नाही. पुढच्या वसंतात तांबूस कोंब पुन्हा दिसतील. ते बोटाएवढे असतानाच काढले तर काम दहा मिनिटांचं असतं.