टिअरड्रॉपचं छप्पर: आधी पत्र्याचं माप, मग रुंदी

टिअरड्रॉप म्हणजे कारमागे ओढायची थेंबाच्या आकाराची छोटी झोपायची गाडी. आत फक्त गादी, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत 1930-40 च्या दशकांपासून लोक ती घरच्या घरी बनवत आले आहेत. मी ओहायोत आमच्या गराजमध्ये बनवली आणि तिचं छप्पर दोनदा घातलं. दुसऱ्यांदा का घालावं लागलं, त्यातच या लेखाचं सगळं सार आहे.

बहुतेक जण रुंदी ठरवतात ती मिळालेल्या ट्रेलरवरून. मीही 5 फुटी सांगाडा घेतला आणि छपराचा विचार नंतर केला. दुकानात पत्रा होता 4 फुटी. मग मधोमध लांबीच्या दिशेने जोड दिला आणि त्यात भरपूर सिलिकॉन भरलं. हॉकिंग हिल्सला दुसऱ्याच मुक्कामात रात्री पाऊस लागला. लेकीच्या पायांवर आईने शिवून पाठवलेली गोधडी होती, ती एका कोपऱ्यात ओली. गंमत म्हणजे जोड होता मध्ये आणि पाणी टपकत होतं कडेला. आतल्या आडव्या वाशावरून ते कडेपर्यंत सरकत गेलं होतं. घरी येऊन पत्रा उचलला तर जोडाखालचं प्लाय काळं पडलेलं, बोटाने दाबलं की आत जात होतं.

म्हणून पहिला नियम: छपराचा पत्रा रुंदीत अखंड हवा. आणि तो अखंड मिळेल त्या मापातच गाडी बनवायची. अॅल्युमिनियमचे पत्रे 4×8, 4×10 आणि 5×10 फुटांत सहज मिळतात. 4 फुटी गाडीत पाऊण इंची प्लायच्या दोन भिंती गेल्या की आत साडेशेहेचाळीस इंच उरतात. एकट्याला ऐसपैस, दोघांना कूस बदलताना एकमेकांना सांगावं लागेल. 5 फुटीत 54 इंची डबल गादी बसते. 60 इंची क्वीन गादी मात्र बसत नाही, तिच्या नादी लागू नका.

5 फुटी पत्रा घ्यायचा असेल तर गाडी पूर्ण 60 इंच करू नका. बाजूच्या भिंतींवरही 1 मिमीचे पत्रे चढतात, शिवाय हाताने बनवलेला डबा कुठे ना कुठे थोडा तिरका असतोच. पत्रा एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला पाव इंच कमी पडला की कडेची पट्टीसुद्धा ते झाकत नाही. माझ्या गाडीचं बाहेरचं माप साडेएकोणसाठ इंच आहे. आत 58 उरले, गादी बसून चार इंच शिल्लक, त्यात चष्मा आणि पाण्याची बाटली राहते.

लांबीसाठी टेप पुढच्या खालच्या कडेपासून वाकणावरून झाकणाच्या बिजागरीपर्यंत ओढा. 8 फुटी गाडीत हे अंतर 10 फुटांच्या आत बसवता येतं. झाकणाचा पत्रा वेगळा, म्हणजे एकमेव जोड बिजागरीवर येतो. कोकणातल्या आमच्या घरी कौलं चाळताना वडील सांगायचे, वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे. बिजागरीपाशी हा नियम बरोबर लागू पडतो. पुढच्या बाजूला तो चालत नाही, कारण गाडी पावसात ताशी 60 मैलांनी धावते तेव्हा वारा पाणी उलटं वर ढकलतो. पुढच्या वाकणावर जोड नकोच.

पत्र्याची जाडी 0.032 इंच पुरते. 5×10 चा अख्खा पत्रा साधारण 10 किलो भरतो. 0.040 चा पावणेतेरा भरतो, गारांना जास्त टिकतो, पण पुढचं वाकण लहान असेल तर हात दुखवतो. पत्र्याखाली 3 मिमीचं बर्च प्लाय घाला. वरच्या थराचे रेशे गाडीच्या रुंदीच्या दिशेने ठेवले की ते न भिजवताही छान वळतं. प्लायला जोड आले तरी चालतील, फक्त ते वाशावर येऊ द्या.

पत्रा प्लायला सगळीकडे चिकटवू नका. हिवाळ्यातला बर्फ आणि जुलैचं ऊन यांत 60 अंश सेल्सियसचा फरक धरला तर 8 फुटांत पत्रा 3 मिमीच्या वर वाढतो. घट्ट धरला की फुगे येतात. कडेच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), स्टेनलेसचे स्क्रू, आणि पत्र्यातली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी. सिलिकॉन इथे नकोच. दुरुस्तीला आलात की त्यावर दुसरं काहीही नीट चिकटत नाही. आणि वाशांना दुकानातलं हिरवट, औषध मारलेलं लाकूड वापरू नका, त्यातलं तांबं अॅल्युमिनियम खातं.

पैसे कमी असतील तर सुती कॅनव्हास लाकडाच्या जलरोधक गोंदाने प्लायवर चिकटवून वरून बाहेरचा रंग द्या. 6 फुटी कॅनव्हास मिळतो, म्हणजे तिथेही जोड नाही. दरवर्षी रंग तपासण्याची तयारी मात्र हवी. फायबरग्लास आणि इपॉक्सी सर्वांत मजबूत, पण इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर रंग लागतोच.

पत्रा चढवायला दोन माणसं हवीत. पुढची खालची कड आधी बसवा, मग रॅचेटचे पट्टे (खटक्याने आवळायचे) आडवे टाकून थोडं थोडं मागे ताणत जा. पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म, कडेची पट्टी लावण्याआधी, कडेने सोला, नाहीतर ती स्क्रूखाली अडकते.

शेवटी गळती तपासायला पाण्याची नळी. सुरुवात खालून करा, एकेका जागी दहा मिनिटं, मग वर सरका. वरून सुरू केलं तर पाणी नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. आमच्याकडे लेक टॉर्च घेऊन आत बसली होती आणि बोटाने एकेक वासा चाचपत होती. बिजागरीच्या उजव्या टोकाला तिला एक थेंब सापडला. तिथला स्क्रू काढून खाली टेपचा आणखी एक तुकडा दिला आणि पुन्हा पाणी सोडलं.