लेंबेच्या काळ्या वाळूत चिमुकले सागरी जीव कसे शोधावेत

इंडोनेशियातील उत्तर सुलावेसीचा किनारा आणि लेंबे बेट यांच्यामधली अरुंद सामुद्रधुनी पहिल्या डाइव्हमध्ये बहुतेकांची निराशाच करते. प्रवाळांच्या रंगीत बागांऐवजी येथे बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीची काळी वाळू, शेवाळाचे पुंजके आणि टाकून दिलेल्या बाटल्या दिसतात. मात्र लपायला फारसा आडोसा नसलेल्या या तळावर रंग, आकार आणि चाल यांच्या आधारे शत्रूला चकवणारे जीव राहतात आणि त्यांच्यासाठीच जगभरातून लोक येथे मक डायव्हिंगला, म्हणजे गाळ-वाळूच्या तळावर लहान जीव शोधत डुबकी मारायला, येतात. मानाडोला विमानाने उतरून रस्त्याने बितुंग आणि तेथून बोटीने लेंबे, असा हा प्रवास सोपा आहे.

बहुतेक डाइव्ह 5 ते 25 मीटर खोलीवर होतात. त्यामुळे नवख्यांनाही त्या सोप्या वाटतात, पण खरी परीक्षा बॉयन्सीची, म्हणजे पाण्यात न बुडता-न तरंगता स्थिर राहण्याची, असते. शरीर आडवे ठेवून, गुडघे वाकवून, फिन्स (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) वरच्या बाजूला ठेवून, केवळ श्वासाच्या नियंत्रणावर तळापासून अर्धा मीटर वर स्थिर राहता आले पाहिजे. पुढे सरकताना बेडकाप्रमाणे पाय बाजूंना झटकावेत. फिनचा एक फटका खाली बसला की गाळ उसळतो आणि आपल्याला व मागून येणाऱ्यांना काही काळ काहीच दिसत नाही. पाय सतत खाली झुकत असतील, तर कमरेला बांधलेले शिशाचे वजन जास्त झाले आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. पाणी साधारण 25 ते 29 अंशांचे असले, तरी तासभर जवळजवळ स्थिर राहिल्याने थंडी वाजते. म्हणून 5 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (ऊब टिकवणारा डायव्हिंगचा पोशाख) बरा.

शोधताना प्राण्यापेक्षा त्याचा पत्ता शोधावा. बारगिबांती जातीचा बटू समुद्रघोडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो आणि तो म्युरिसेला या सी फॅनवरच (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळावरच) राहतो. त्याच्या अंगावरच्या गाठी सी फॅनच्या मिटलेल्या पॉलिपसारख्याच (प्रवाळाच्या इवल्या जिवांसारख्याच) दिसत असल्यामुळे आधी फांद्यांचा क्रम नजरेत बसवावा आणि मग तो क्रम कोठे बिघडतो ते पाहावे. फायर अर्चिन या काटेरी गोलसर जीवाच्या विषारी काट्यांमध्ये कोलमन कोळंबीची जोडी आणि झेब्रा खेकडा सापडतो, समुद्री काकडीच्या पाठीवर एम्परर कोळंबी, तर फेदर स्टार या तारामाशाच्या नातेवाईक जीवाच्या पिसांसारख्या बाहूंमध्ये घोस्ट पाइपफिश हा लांबट मासा. बाटली किंवा नारळाची करवंटी दिसली, तर आत डोळे आहेत का ते पाहावे. करवंट्या सोबत वाहून नेऊन त्यांचा निवारा करणाऱ्या ऑक्टोपसची इंडोनेशियातलीच नोंद 2009 मध्ये प्रसिद्ध झाली.

केसाळ फ्रॉगफिश हा मासा शेवाळाच्या गोळ्यासारखा बसून राहतो. त्याच्या डोक्यावरच्या दांडीच्या टोकाशी किड्यासारखे आमिष असते. ते वळवळू लागले की टॉर्चचा झोत थोडा बाजूला घ्यावा आणि थांबावे. भक्ष्य जवळ येताच त्याचा जबडा इतक्या वेगाने उघडतो की डोळ्यांना केवळ भक्ष्य नाहीसे झालेले कळते.

कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी चांगल्या स्थानिक गाईडवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र छायाचित्रासाठी प्राण्याला काठीने डिवचू नये, हे त्याला बोटीवरच नम्रपणे सांगून ठेवावे. स्थिर राहण्यासाठी धातूची काठी रोवायची झाल्यास ती मोकळ्या वाळूतच रोवावी, कारण स्टोनफिश आणि स्कॉर्पिअनफिश हे विषारी काट्यांचे मासे अगदी तळासारखेच दिसतात. त्यांचा काटा लागल्यास डाइव्ह थांबवून वर यावे, जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि डॉक्टरकडे जावे. निळ्या वलयांच्या ऑक्टोपसच्या विषावर उतारा नाही. त्याने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि कृत्रिम श्वास देत राहणे हाच उपाय उरतो. त्याची वलये झगमगू लागली, तर तो इशारा समजून मागे सरावे.

मँडरिन मासे पाहायचे असतील, तर सूर्यास्ताच्या सुमारास मोडक्या प्रवाळांच्या ढिगाजवळ मंद किंवा लाल प्रकाशात वाट पाहावी. जोडी काही क्षणच वर येते आणि प्रखर झोत पडला की लपते.

उथळ पाण्यातल्या डाइव्हही दिवसाला तीन-चार झाल्या की शरीरात नायट्रोजन साठतो. म्हणून डाइव्ह कॉम्प्युटरची (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी उपकरणाची) मर्यादा पाळावी, वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे आणि विमानप्रवासाआधी किमान 18 तास मोकळे ठेवावेत. तो वेळ बितुंगजवळच्या तांगकोको जंगलात टार्सिअर हे मोठ्या डोळ्यांचे चिमुकले प्राणी पाहण्यासाठी वापरता येतो.