चांदीची नाणी बाहेरून मागवताना या चुका टाळा

पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, आता काय करू, असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. आता काय करणार, जे करायचं होतं ते ऑर्डर देण्याआधी करायचं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विक्रेत्याला 'किंमत कमी टाका, गिफ्ट लिहा' असं सांगणं. मी स्वतः केलीय म्हणून हक्काने बोलतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचा चार नाण्यांचा प्रूफ (म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारखी चकचकीत पाडलेली नाणी) सेट घेतला होता, दोन नाणी ५ डॉलरची, दोन १० डॉलरची. विक्रेता म्हणाला दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यांवर छापलेली, ३० डॉलर होते तेवढीच लिहितो, वर गिफ्ट लिहितो आणि वस्तूच्या जागी 'मेटल सूव्हनीर', तुमचा टॅक्स वाचेल. मला वाटलं काय हुशार माणूस आहे! आता गंमत बघा, ५ डॉलरचं नाणं २४.३ ग्रॅम, १० डॉलरचं ४८.६, म्हणजे चार मिळून १४५.८ ग्रॅम आणि सगळं ९२.५ टक्के चांदी. नुसती चांदीच ३० डॉलरच्या कितीतरी पुढे जाते हे डबा हातात घेणाऱ्या कुणालाही कळतं. त्यात त्या शहाण्याने खऱ्या किमतीचं बिल आतच ठेवलं होतं. पार्सल उघडलं गेलं, महिनाभर खुलासे देत बसलो, टॅक्स भरला, वर दंड भरला. आणि 'मेटल सूव्हनीर' म्हणजे नक्की काय हे बघायला कुणीतरी एक नाणं त्याच्या प्लास्टिकच्या डबीतून काढलं होतं, त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर अंगठ्याचा ठसा आजही आहे. त्या माणसाला कशाला दोष देऊ, कागदावर नीट लिहिलं असतं तर त्याला काढून बघायची गरजच नव्हती.

तेव्हापासून माझी सवय ठरलीय. पैसे देण्याआधीच विक्रेत्याला वर्णन मीच लिहून पाठवतो, देश, वर्ष, दर्शनी किंमत, चांदीचं प्रमाण, वजन, नगसंख्या आणि मी दिलेली खरी रक्कम. बिलाची एक प्रत बाहेरच्या पाकिटात, एक माझ्याकडे. कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणारे जे आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात, त्या हार्मोनाइज्ड कोडमध्ये नाण्यांचं शीर्षक ७११८ आहे, संग्राह्य वस्तूंचं ९७०५, आपलं नाणं कुठे बसतं आणि त्यावर किती टॅक्स लागतो ते आपापल्या देशात आधी विचारून घ्या. पार्सल हरवलं तर भरपाईसुद्धा लिहिलेल्या किमतीच्या वर मिळत नाही, हे टॅक्स वाचवणाऱ्यांना नंतर आठवतं.

हिशोब करताना नुसती नाण्याची किंमत धरू नका, बऱ्याच देशांत पाठवणीचा खर्च आणि विमाही धरून टॅक्स लागतो, वर कुरिअरवाल्याची फी वेगळी.

साध्या टपालाने मागवू नका. नाणी विमा उतरवलेल्या पार्सलनेच जावीत असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, काही देश तर टपालाने नाणी घेतच नाहीत.

आता दुसरं दुखणं. पार्सल एकदाचं हातात येतं, नाणं थोडं काळपट दिसतं आणि नवखा माणूस टूथपेस्ट घेऊन बसतो. अरे बाबा, तो काळपटपणा म्हणजे चांदीवर गंधकामुळे बसलेला सल्फाइडचा थर, जाणकार त्याला टोनिंग म्हणतात आणि छान रंगीत असेल तर जास्त पैसे देतात! घासलेलं नाणं ओळखायला भिंगही लागत नाही. मी काहीच करत नाही, हेच माझं क्लीनिंग. फक्त पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात राहून हिरवा चिकटा आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतो, खिडकी उघडी ठेवून, न घासता. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बाकीचं बरंच काही असतं.

चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असं समजू नका, तांबंही चिकटत नाही. वजन आणि व्यास दोन्ही मोजा.

आणि फोटो न मागता घेऊ नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या १० मार्कच्या पहिल्या नाण्यावर 'इन डॉइचलांड' (जर्मनीत) लिहिलं होतं, ऑलिंपिकचं यजमानपद शहराला मिळतं देशाला नाही म्हणून नंतर ते 'इन म्युन्शेन' (म्युनिकमध्ये) केलं. दोन्ही १५.५ ग्रॅम, चांदी ६२.५ टक्के, लांबून सारखीच. मला पहिलं हवं होतं, आलं दुसरं, आणि परत पाठवायचं तर भरलेला टॅक्स मागायला पुन्हा तेच कागद, म्हणून ते माझ्याकडेच पडून आहे.